दोन वर्षांचा आरोपी

देवस्थानांच्या महाजनसभांतून अलीकडे एक तक्रार वारंवार कानी पडते. कीर्तनाला रंग चढलेला असतो, बुवा पूर्वरंग आटोपून आख्यानाला हात घालतात, आणि नेमके त्याच वेळी दोन-अडीच वर्षांचे एखादे मूल सभामंडपातून धावत सुटते, समईच्या ज्योतीकडे झेपावते, आईने उचलले की अंग ताठ करून किंकाळ्या फोडते. मग दुसऱ्या दिवशी तक्रारदार उभे राहतात. एका सभेत तर लेखी ठरावच आला, की पाच वर्षांखालील मुलांना कीर्तन-प्रवचनाच्या वेळी मज्जाव करणारी पाटी लावावी. तो ठराव संमत झाला नाही, तहकूब झाला. परंतु तहकूब ठराव म्हणजे मेलेला ठराव नव्हे, हे ज्यांनी सभा चालविल्या आहेत ते जाणतात. तो पुन्हा डोके वर काढण्यापूर्वीच माझा विरोध येथे नोंदवून ठेवतो.

तक्रारीत आरोप दोन असतात. मूल द्वाड आहे हा पहिला, आणि आईने त्याला वळण लावलेले नाही हा दुसरा. बापावर आरोप ठेवलेला मी आजवर ऐकला नाही. तो बहुधा त्या वेळी देवळाबाहेर गाडी लावण्यात गुंतलेला असतो.

पहिल्या आरोपाचा निकाल कायद्याने फार पूर्वी लावला आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ८२ व्या कलमान्वये सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध ठरत नसे. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता अंमलात आली. कलमाचा क्रमांक २० झाला, वय सातच राहिले. परकी सरकारने जे औदार्य दाखविले, स्वकीय संसदेने जे कायम ठेवले, ते आमच्या महाजनांना दाखविता येऊ नये?

यावर कोणी म्हणेल, बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने सद्भावनेने केलेल्या कृत्याला कायदा संरक्षण देतो. तेव्हा दोन धपाटे घालावयास हरकत कोणती? कलम खरे आहे. परंतु कायद्याच्या परिभाषेत सद्भावना म्हणजे योग्य ती दक्षता व काळजी. चारचौघांत मान खाली गेली म्हणून रागाच्या भरात उगारलेल्या हातात दक्षता कोठे आणि काळजी कोठे? तो धपाटा मुलाच्या हितासाठी नसतो, शेजारच्या रांगेतील वहिनींच्या समाधानासाठी असतो. आणि विसंगती पहा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमामुळे बारा वर्षांच्या दांडग्या विद्यार्थ्यावर मास्तरांना हात टाकता येत नाही; ज्याला अजून धड बोलताही येत नाही त्याच्या पाठीवर मात्र भर मंडपात वळ उठतात.

'बोलता येत नाही' हेच या प्रकरणाचे मर्म आहे. दोन वर्षांच्या मुलाला समजते पुष्कळ, सांगता येते थोडे. हवे ते मिळाले नाही, भूक लागली, झोप मोडली, चाललेला खेळ कोणी अवचित थांबविला, की आत जे उसळते त्याला शब्दांची वाट नसते. म्हणून ते हातापायांतून बाहेर पडते. आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पक्व होण्यास विशी उलटावी लागते. ज्या वयात लगामच तयार झालेला नाही त्या वयात घोडा उधळला म्हणून नवल करणारा शहाणा कसा म्हणावा? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली एक ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी किमान तीन तास हालचाल सांगितली आहे. ज्याला तीन तास हुंदडावयाचे आहे त्याला आपण दोन तास मांडी घालून बसवितो आणि वर चंचल म्हणतो! त्याच संघटनेने दोन वर्षांखालील मुलांना पडदा मुळीच नको, पुढे चौथ्या वर्षापर्यंत तासाभराहून अधिक नको, असे बजावले आहे. तरीही मूल गप्प बसावे म्हणून त्याच्या हाती मोबाईल देणाऱ्या आईचे मंडपात कौतुक होते आणि त्याला उचलून चौकात फिरविणाऱ्या आईकडे भुवया उंचावल्या जातात.

आमच्या मंडळींना हे सारे पाश्चात्त्य खूळ वाटण्याचा संभव आहे. म्हणून घरचाच दाखला देतो. भागवताच्या दशम स्कंधातील नववा अध्याय आपण कितीदा ऐकला असेल. आता तो आई होऊन ऐकावा. यशोदा कृष्णाला पाजीत असते. चुलीवरचे दूध उतू जाते म्हणून ती त्याला अर्धवट खाली ठेवून धावते. तो चिडतो, ओठ चावतो, दह्याचा डेरा फोडतो, लोणी माकडांना वाटतो. म्हणजे खोडीला कारण होते, आणि व्यासांनी ते खोडीच्या आधी सांगितले. यशोदा काठी घेऊन पाठीस लागते; पोर भ्यालेले दिसताच काठी टाकून देते. मग दाव्याने उखळाला बांधावयास जाते, तर प्रत्येक वेळी दावे दोन बोटे अपुरे. दामोदर हे नाव या दाव्यावरून पडले. (जांबावलीच्या दामोदराला आपण शिवरूपात पूजतो, ती गोष्ट वेगळी.) आणि बांधलेल्या त्या मुलाने उखळासकट दोन वृक्ष उपटले, हा पुढचा अध्याय. कीर्तनात ही कथा रंगते तेव्हा डोळे पुसणारे गृहस्थच मागच्या रांगेतील खऱ्या बाळकृष्णावर डोळे वटारतात. माशेलला देवकीकृष्णाच्या मैदानात आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकाला होतो. पन्नाशीचे भारदस्त गृहस्थ अंगाला तेल चोपडून चिखलात लोळतात, कशासाठी, तर बाळकृष्णाच्या खेळांचे स्मरण म्हणून! आमची आजी 'भुरगेंच तें' एवढेच म्हणून खोडी पोटात घाली. त्या दोन शब्दांत आमच्या ठरावापेक्षा अधिक कायदा होता.

श्रोत्यांची बाजू मला अमान्य नाही. ज्याला ऐकावयाचे आहे त्याला ऐकू आले पाहिजे, आणि समईजवळ गेलेले मूल हा विनोद नव्हे. पण त्याला उपाय पाटी नव्हे, अंगण. गिजुभाई बधेका आमच्याच व्यवसायातले. वकिली सोडून त्यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. (वकिलांच्या जगाचे त्यात फारसे नुकसान झाले नसावे.) त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक पुढे बोर्डीच्या परिसरात मूल शाळेत येत नाही तर शाळाच त्याच्या अंगणात घेऊन गेल्या. आमच्या देवळांना तर चौक आहे, अग्रशाळेची ओसरी आहे, आयते अंगण.

घरच्या मंडळींनीही काही सांभाळावे. कीर्तनापूर्वी मुलाची झोप व जेवण उरकावे. अर्धा तास चौकात मनसोक्त धावू द्यावे. 'आता दोन फेऱ्या, मग आत' अशी आधी सूचना द्यावी. आकांत मांडलाच तर उचलून बाहेर न्यावे, जवळ बसावे, थोडे बोलावे. रडून मागितलेली वस्तू त्या क्षणी देऊ नये, पण रडण्याबद्दल मारूही नये. मारले, चावले, तर हात धरून 'मारायचे नाही' एवढेच शांतपणे, दर वेळी तेच. आज आईने नाही म्हणावे आणि आजोबांनी गुपचूप खडीसाखर द्यावी, याने मूल बिघडत नाही असे नव्हे. नावाने हाक मारूनही वळत नसेल, आलेले शब्द हरवत असतील, तर मात्र 'मोठे झाले की सुधारेल' म्हणून थांबू नये, बालरोगतज्ज्ञांकडे जावे. परंतु निव्वळ धावतो म्हणून अतिचंचलतेचा शिक्का चार वर्षांच्या आत डॉक्टरही सहसा मारीत नाहीत. तो अधिकार महाजनसभेला कोणी दिला?

तेव्हा त्या ठरावाला माझी उपसूचना अशी: समया उंच चौथऱ्यावर ठेवाव्यात, कीर्तनाच्या वेळी ओसरीवर चटया अंथरून तेथवर ध्वनिक्षेपकाचा एक कर्णा न्यावा, म्हणजे आईला आख्यानही ऐकू येईल, आणि दर कीर्तनाला दोन महाजनांनी, पुरुष महाजनांनी, आळीपाळीने त्या ओसरीवर मुलांपाठी धावण्याची सेवा घ्यावी. पहिल्या पाळीसाठी माझे नाव लिहून घ्यावे. अनुमोदक अद्याप मिळावयाचा आहे.