एकसंध आणि सुटे

ब्रिटनमध्ये व्यावसायिक वैमानिक होण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत: 'इंटिग्रेटेड' आणि 'मॉड्युलर'. पहिल्या शब्दात अखंडतेची प्रतिष्ठा आहे, दुसऱ्यात सुटे भाग जोडल्याचा खडखडाट. शब्दांशी ज्यांचे रोजचे देणेघेणे, त्या आपल्यासारख्यांनी येथे क्षणभर थांबावे. कारण निम्मी निवड ही नावेच करून टाकतात, असे आम्हांला वाटते.

एकसंध अभ्यासक्रमात विद्यार्थी शून्यापासून एकाच शाळेत, पूर्णवेळ, साधारण दीड ते दोन वर्षे शिकतो. खर्च एक लाख पौंडांच्या आसपास जातो. सुट्या मार्गाने जाणारा आधी किमान 45 तासांचे शिक्षण घेऊन खाजगी परवाना काढतो. मग नोकरी सांभाळून 13 विषयांच्या लेखी परीक्षा, उड्डाणाचे तास साठवणे, आणि पुढे एकेक पायरी. खर्च बराच कमी. मात्र लेखी परीक्षा दोघांच्या त्याच, आणि व्यावसायिक परवान्यापुरते पाहिले तर नियमाने एकसंध मार्गात 150 तास पुरतात, सुट्यात 200 लागतात.

आपल्याकडच्या बहिःस्थ विद्यार्थ्याची येथे आठवण होते. प्रश्नपत्रिका तीच, पदवी तीच. तरी 'बाहेरून केले' म्हणताना आवाज किंचित उतरतो. साहित्यवाल्यांना हेही ठाऊक असावे की सैंतेग्झ्युपेरी 1921 मध्ये स्ट्रासबुर्ग येथे लष्करी सेवेत असतानाच खाजगी शिकवणी लावून विमान चालवायला शिकला. आजच्या माहितीपत्रकांच्या भाषेत तो सुट्यांतलाच!

एकसंध मार्गाचा खरा गुण सलगतेचा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. हात गंजत नाही, विमान कंपन्यांशी शाळेचे संबंध असतात. सुट्या मार्गात पैशाअभावी खंड पडतो, आणि लेखी परीक्षांचे यश कायमचे नसते: सगळे विषय 18 महिन्यांत संपवायचे, नंतर 36 महिन्यांत परवाना मिळवायचा. ही मुदत चुकली तर पुन्हा पहिल्यापासून अभ्यास.

पण खरा प्रश्न गुणवत्तेचा नाही, जोखमीचा आहे. 2023 मध्ये ब्रिटनमधील काही प्रशिक्षण शाळा बंद पडल्या, आणि आगाऊ भरलेले पैसे अडकलेले विद्यार्थी अधांतरी राहिले. टप्प्याटप्प्याने भरणाऱ्याचा एक टप्पा बुडतो. आईवडिलांचे घर तारण ठेवून सारे एकदम भरणाऱ्याचे काय बुडते, ते सांगायला नको. शिवाय सुट्या मार्गावरच्याला मध्येच थांबून 'हे आपले काम नव्हे' असे म्हणता येते. ही मोकळीक कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसते.

म्हणून आमचे मत असे: विमान कंपनीच खर्च उचलणार असेल (ब्रिटिश एअरवेजने 2023 मध्ये अशी योजना जाहीर केली), तर एकसंध मार्ग डोळे मिटून धरावा. जागा थोड्या, स्पर्धा प्रचंड, तरी अर्ज जरूर करावा. कर्ज स्वतःच काढायचे असेल, तर सुटा मार्ग बरा. आणि दोहोंपैकी कशावरही पैसा ओतण्याआधी प्रथम वर्गाची वैद्यकीय तपासणी उरकून घ्यावी. तेथे नकार मिळाला तर वरची सारी चर्चाच फोल.