बार्बराला बरं करायची घाई कुणाला होती?

सुपरहिरोंच्या कॉमिक्समध्ये मेलेली माणसं परत येतात, ते आपण हसून सोडून देतो. पण अपंग पात्राला मानाने परत यायचं असेल तर अपंगत्व दाराबाहेर ठेवून यावं लागतं, हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

1988 साली अमेरिकेतल्या डीसी कंपनीने 'द किलिंग जोक' छापलं. त्यात जोकर बार्बरा गॉर्डनला, म्हणजे पूर्वीच्या बॅटगर्लला, गोळी घालतो आणि तिचे पाय कायमचे जातात. तिच्याशी त्याचं वैर नसतं. त्याला तिच्या बापाला, पोलीस कमिशनर गॉर्डनला, वेडं करायचं असतं. पुरुषांच्या भांडणात बाईचं शरीर वापरलं आणि बाजूला टाकलं.

किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या लेखक जोडप्याने तिला टाकू दिलं नाही. 1989 मध्ये ती 'ऑरेकल' म्हणून परतली. व्हीलचेअरवर बसून, कॉम्प्युटरच्या जोरावर ही ग्रंथपाल बाई सगळ्या हिरोंना माहिती पुरवू लागली. बॅटमॅनही तिच्यावर विसंबून. पुढे 'बर्ड्स ऑफ प्रे'मध्ये तिने स्वतःची टीम चालवली. ना जादू, ना उडणं. होतं ते शिक्षण आणि डोकं. पुस्तकांच्या बळावर घराबाहेर पडलेल्या आपल्या पिढीला याचं मोल वेगळं सांगायला नको.

2011 मध्ये डीसीने 'न्यू 52' म्हणत सगळी मासिकं पहिल्या अंकापासून सुरू केली आणि बार्बरा चालत आली, पुन्हा बॅटगर्ल होऊन. दक्षिण आफ्रिकेतल्या एका क्लिनिकमध्ये उपचार झाले म्हणे! वाचकांनी वीसहून जास्त वर्षं पाहिलेली व्हीलचेअर गोष्टीत तीन वर्षांवर आली. लेखिका गेल सिमोन यांनी त्याआधी ऑरेकल कित्येक वर्षं जीव लावून लिहिली होती. म्हणून दोष एका व्यक्तीवर ढकलून सुटका नाही.

समर्थक विचारतात, जिथे मेलेले उठतात तिथे तिनेच खुर्चीत का बसावं? मग उलट विचारू. 1993 मध्ये बेनने ब्रूस वेनची पाठ मोडली. एका डॉक्टरच्या अलौकिक शक्तीने तो बरा झाला आणि वर्षभरात पुन्हा बॅटमॅन म्हणून उभा राहिला. त्याच जगात बार्बरा मात्र वीस वर्षं बसून. म्हणजे प्रश्न औषधाचा नव्हताच. कोण कधी बरं व्हायचं हे संपादकाच्या टेबलावर ठरतं आणि त्या टेबलाशी अपंग माणसं क्वचितच बसलेली असतात.

उपचार कुणाला हवेत, कुणाला नकोत, हा ज्याचा त्याचा हक्क. आक्षेप आहे तो बरं होण्याला प्रवेशाचं तिकीट करण्यावर. हे तिकीट आपल्या ओळखीचं आहे. शुद्धीवाले हेच सांगत होते: आधी तुम्ही शुद्ध व्हा, मग आत घेऊ. बाबासाहेबांनी ते धुडकावलं. 1927 साली महाडला आपली माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली, ती आधी स्वतःला शुद्ध करून नव्हे. खोट तळं अडवणाऱ्यांत होती. आजही ऑफिसात कुणी कौतुकाने म्हणतं, "तू त्यांच्यातला वाटतच नाहीस." हाच तो न्यू 52चा पहिला अंक.

पण तुलना इथे थांबवू. जात नष्टच करायची आहे. अपंग शरीर नाही. तिथे नष्ट करायची ती पायरी. शिष्यवृत्तीचा कक्ष दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, अशी कॉलेजं आपण पाहिली आहेत. तिथे आपलाच अपंग मित्र खाली फॉर्म घेऊन थांबलेला असतो, जातीचा दाखला आणि अपंगत्वाचा दाखला दोन्ही सांभाळत. त्याच्यासाठी आपण किती वेळा भांडलो?

2016च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांना किमान 4 टक्के आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 5 टक्के आरक्षण दिलं. त्याच्या वर्षभर आधी पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा गोड शब्द दिला होता. 'हरिजन' ऐकलेल्यांना असा गोडवा चांगलाच कळतो. नाव उंच केलं की जिना तसाच ठेवता येतो.

ऑरेकलला बरं करायची गरज नव्हती. गरज होती ती गॉथममधल्या प्रत्येक इमारतीला रॅम्पची.

जय भीम.