टाळ्या नेमक्या कशाला?

सहा डिसेंबर जवळ आला की आमच्या मोहल्ल्यात कुणीतरी आनंद पटवर्धन यांचा 'राम के नाम' दाखवतं. पुजारी लालदास पडद्यावर आले की सगळे चिडीचूप. न्यायालयाने नेमलेला रामजन्मभूमी मंदिराचा पुजारी आणि तोच विश्व हिंदू परिषदेच्या राजकारणाचे वाभाडे काढतो! चित्रपट १९९२चा, पुढच्याच वर्षी लालदासांचा खून झाला. दिवे लागले की टाळ्या पडतात. बाहेर चपला शोधताना एखादा हमखास म्हणतो, "हिंदू असून किती आपल्या बाजूने बोलतो!"

या वाक्याची मला चीड आहे. पटवर्धन 'आपल्या बाजूचे' आहेत, हे कुणी सांगितलं? १९८५च्या 'हमारा शहर'मध्ये त्यांनी मुंबईतल्या झोपड्या पाडल्या जाताना दाखवल्या. १९९७ साली रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा दलित मारले गेले, शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. त्यावरचा 'जय भीम कॉम्रेड' पुरा व्हायला चौदा वर्षं लागली. तो आपल्यापैकी किती जणांनी पाहिला? झोपडपट्टीत आपलीही माणसं राहतात, पण सहा डिसेंबर नसेल तर आपल्याला सवड नसते.

बरं, या माणसाला सरकारने तरी काय दिलं? 'राम के नाम'ला राष्ट्रीय पारितोषिक मिळालं आणि दूरदर्शनने तोच चित्रपट दाखवायला नकार दिला. ते कोर्टात गेले. अणुचाचण्यांवरच्या 'जंग और अमन'वर सेन्सॉरने कात्री उगारली, तेव्हा २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एकही काट न घेता तो मोकळा केला. 'पितृ, पुत्र और धर्मयुद्ध' १९९५चा. तो दूरदर्शनवर दाखवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला २००६ उजाडलं. चित्रपट काढायचा आणि मग तो दाखवता यावा म्हणून वकील गाठायचा, अशी ही कारकीर्द.

गेल्या वर्षी मी सुचवलं, यंदा 'पितृ, पुत्र और धर्मयुद्ध' दाखवू. दंगलीचं मूळ पुरुषाच्या मर्दानगीच्या कल्पनेत आहे का, असा त्याचा सवाल. मोहल्ल्यातले एक बुजुर्ग मला समजावू लागले, "बाजी, बायकांचे विषय चारचौघांत कशाला? लोक आपल्यावर हसतील."

म्हणजे दुसऱ्याच्या घरात कॅमेरा गेला की ती हिंमत, आणि आपल्या उंबऱ्याशी आला की बदनामी! मी उर्दू शाळेत शिकवते. माझ्या हजेरीपटावर सातवीत असलेल्या मुलींपैकी दहावीला किती उरतात, ते मी दरवर्षी पाहते. हातात मोबाईल नाही असा पोरगा मोहल्ल्यात शोधून सापडणार नाही. वलीम्याचं शूटिंग तासन् तास चालतं. पण गळालेल्या त्या मुलींपैकी एकीच्या दारात जाऊन 'शाळा का सोडलीस?' असं विचारणारा कॅमेरा मी अजून पाहिलेला नाही. तो पटवर्धनांनी येऊन लावायचा का?

हॉल मिळाला नाही. या रविवारी जोहरनंतर बायकांना माझ्या घरी बोलावलं आहे. प्रोजेक्टर एका मैत्रिणीचा आहे, पडद्याला पांढरी चादर आहे. त्या बुजुर्गांनाही निरोप धाडला आहे.