थंडी वाजते, पण किती रुपयांची?

गेल्या जानेवारीत कळसूबाईच्या १६४६ मीटरवर मी अक्षरशः कुडकुडलो. अंगात जाड सुती स्वेटशर्ट, तोही घामानं चिंब! तेवढ्यात शहापूरहून (आमचं भंडाऱ्याचं!) आईचा फोन, ‘बाबू, स्वेटर घातला का नाई?’

तर मंडळी, यंदा धडा घेतलाय. सॉफ्टशेल वारा, भुरभुर अडवतं, पण खिसा रिकामा करतं. फ्लीस स्वस्त. पॉलिएस्टरचं, म्हणून झटपट वाळतं. फक्त वारा आरपार जातो. मग जुगाड! आत पातळ फ्लीस, वर घरातलंच पावसाळी विंडचीटर. दुकानात दोन्ही हात उंच करून बघा. जॅकेट कमरेच्या वर सरकलं, तर चढताना हार्नेसमधून निसटणारच.

उरलेल्या पैशांत भंडारा रोडचं तिकीट काढलंय. आई विचारणार, ‘कितीचं?’ यंदा खरी किंमत सांगता येईल!