भिंत कोणी बांधली?
(द्वितीय वर्ष, कला)

बँड म्हटले की आमच्या गावी लग्नाच्या वरातीतला बँड डोळ्यांसमोर येतो. वाजवणाऱ्यांना दम खायचा असतो आणि नवरदेवाच्या मित्रांना आणखी एक गाणे हवे असते, त्यामुळे दोघांत बाचाबाची ही ठरलेलीच. पण ती पाच मिनिटांत मिटते, कारण दोघेही एकमेकांच्या हाताच्या अंतरावर उभे असतात. पाश्चात्त्य देशांत ज्यांना बँड म्हणतात त्यांचे आणि त्यांच्या चाहत्यांचे भांडण मात्र साठ वर्षे झाली तरी मिटलेले नाही.

या भांडणाविषयी बोलताना आपण लगेच न्यायाधीश होतो. कोणी म्हणतो, चाहते बेशिस्त; कोणी म्हणतो, कलावंतांना पैशाचा माज चढला. (आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. इंग्रजी गाणी कळायला मला अजूनही शब्दकोश लागतो. तेव्हा हा माझा अधिकाराचा विषय नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे.) परंतु जे काही वाचले त्यावरून माझे मत असे झाले आहे की, दोष देण्याआधी दोघांमधले अंतर मोजावे आणि ते कोणी वाढवले हे पाहावे.

१५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सच्या कार्यक्रमाला सुमारे ५५ हजार श्रोते जमले होते. 'श्रोते' हा शब्द मी सवयीने लिहिला. प्रत्यक्षात ऐकू कोणालाच धड येत नव्हते. ते मैदान बेसबॉलचे. खेळाच्या घोषणा करायचे कर्णेच गाण्यासाठी वापरलेले, आणि त्यावर हजारो मुलामुलींच्या किंकाळ्या! ड्रम वाजवणाऱ्या रिंगो स्टारला पुढच्या तिघांच्या हालचाली पाहून गाणे कुठवर आले ते ओळखावे लागे. एका वर्षाने, २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत, या मंडळींनी तिकीट लावून केलेला शेवटचा कार्यक्रम केला. त्याच महिन्यात त्यांची 'रिव्हॉल्व्हर' ही ध्वनिमुद्रिका निघाली होती. त्या दौऱ्यात तिच्यातले एकही गाणे त्यांनी वाजवले नाही. ज्यांना आपले नवे काम ऐकू जाणार नाही त्यांच्यापुढे ते वाजवावे तरी कशाला?

आपल्याकडे बालगंधर्वांच्या नाटकांत 'वन्स मोअर'चा एवढा वर्षाव होई की प्रयोग पहाटेपर्यंत चालत. तोही हट्टच. पण तो गाणे ऐकून झाल्यावरचा हट्ट होता, आणि दाद कोणत्या जागेला मिळाली हे गाणाऱ्याला कळत होते. किंकाळीला जागा नसते.

यापुढची गोष्ट पिंक फ्लॉइड या बँडची. ६ जुलै १९७७ रोजी माँट्रियलच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये त्यांच्या दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम होता. श्रोत्यांत फटाके फुटत होते, आरडाओरडा चालू होता. रॉजर वॉटर्स या गायकाचा तोल सुटला आणि रंगमंचाजवळच्या एका चाहत्यावर तो चक्क थुंकला. या कृत्याचे समर्थन कोणीच करणार नाही; पुढे त्याला स्वतःलाही त्याची किळस वाटली. परंतु त्या किळसेतून त्याने जे केले ते मला महत्त्वाचे वाटते. १९७९ च्या नोव्हेंबरात 'द वॉल' ही ध्वनिमुद्रिका आली, आणि १९८० व ८१ मधल्या प्रयोगांत वादक वाजवत असताना कामगार रंगमंचावर पुठ्ठ्याच्या विटांची भिंत रचत जात. मध्यंतरापर्यंत बँड दिसेनासा होई! श्रोत्यांनी तिकिटाचे पैसे देऊन भिंत पाहिली आणि टाळ्याही वाजवल्या. पुढे २०१० ते २०१३ या काळात हाच खेळ वॉटर्सने पुन्हा काढला तेव्हा तो मोठमोठ्या स्टेडियममध्येही झाला, म्हणजे ज्या जागेचा त्याला वीट आला होता तिथेच. पैशापुढे किळस किती टिकते, हा प्रश्न विचारावासा वाटतो.

इथवर निदान कोणाचा जीव गेला नव्हता. ३ डिसेंबर १९७९ रोजी सिनसिनाटी येथे 'द हू' या बँडच्या कार्यक्रमाला बहुतेक तिकिटे बिनआसनाची विकलेली होती, म्हणजे आधी पोचेल त्याची जागा. दारे मोजकीच उघडली. बाहेरच्या चेंगराचेंगरीत अकरा जण गेले. आत बँड वाजवत राहिला, कारण कार्यक्रम संपेपर्यंत त्यांना कोणी सांगितलेच नाही. ३० जून २००० रोजी डेन्मार्कमधल्या रॉस्किल्ड महोत्सवात पर्ल जॅम हा बँड वाजवत असताना पुढची गर्दी कोसळली. गायकाने गाणे थांबवून मागे सरकण्याची विनवणी केली, तरी नऊ तरुण गेले. ५ नोव्हेंबर २०२१ रोजी ह्यूस्टनमध्ये ट्रॅव्हिस स्कॉटच्या कार्यक्रमातल्या गर्दीत दहा बळी गेले, आणि अधिकाऱ्यांनी दुर्घटना जाहीर केल्यावरही गाणे सुमारे अर्धा तास चालू होते. मला वाटते, गर्दीतल्या माणसाला फक्त समोरच्याची पाठ दिसते. उंचावर उभ्या असलेल्याला निदान पुढच्या रांगांतले चेहरे दिसतात आणि माईकही त्याच्याच हातात असतो. तेव्हा 'मला काय ठाऊक' असे म्हणण्याचा अधिकार त्याला इतरांपेक्षा कमी आहे.

आपल्या देशातही हे घडून गेले आहे. २८ ऑक्टोबर २०११ रोजी गुरगावला मेटॅलिका या बँडचा कार्यक्रम होता. पुढचे कठडे टिकेनात म्हणून तो ऐनवेळी रद्द झाला आणि तासन् तास ताटकळलेल्या मुलांनी रंगमंचाची मोडतोड केली. मोडतोड वाईटच. परंतु कठडे काही चाहत्यांनी उभारले नव्हते! दोनच दिवसांनी बंगळुरात तोच बँड वाजवून गेला. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत कोल्डप्ले आले तेव्हा हजारांची तिकिटे काळ्या बाजारात लाखांच्या घरात मागितली जात होती. एवढे पैसे मोजणारा माणूस गाणे ऐकायला जातो की वसूल करायला?

हा 'वसूल' शब्द आपल्याही परिचयाचा आहे. गेल्या स्नेहसंमेलनात प्रथम वर्षाची एक मुलगी भावगीत म्हणत होती. मागून हुर्यो सुरू झाली आणि दुसऱ्या कडव्यालाच ती आत निघून गेली. हुर्यो करणाऱ्यांपैकी एकाला मी दुसऱ्या दिवशी विचारले, तर म्हणाला, "आम्ही गॅदरिंगची फी भरलीय." त्या फीमध्ये त्या मुलीचीही फी होती, हे त्याच्या ध्यानातच नव्हते. पण त्याचे दुसरे वाक्य मला खोडता आले नाही. तो म्हणाला, "मागे काही ऐकूच येत नव्हतं रे." खरेच येत नव्हते. पहिल्या तीन रांगांत पाहुण्यांचे सोफे, त्यातले निम्मे रिकामे, मग दोरी, मग मुली, आणि मग भिंतीला टेकून उभी असलेली आमची मुले. ध्वनिक्षेपकाचे दोन्ही कर्णे सोफ्यांकडे तोंड करून ठेवलेले.

यंदाच्या संमेलन समितीला माझी विनंती आहे की सोफे बाजूला लावावेत, एक कर्णा मागे न्यावा आणि दोरी बांधूच नये. प्राचार्यांच्या परवानगीचा अर्ज लिहून द्यायला मी तयार आहे.