मुलाचा हक्क आणि वास्तव्याची अट

गोव्यातील बांधकामे, मासेमारी जेटी, औद्योगिक वसाहती आणि हॉटेले परराज्यांतून आलेल्या मजुरांवाचून चालणार नाहीत, हे आता सर्वांनीच मनोमन मान्य केले आहे. वाद होतो तो त्यांच्या संख्येवरून, वस्त्यांवरून आणि मतदारयादीतील नावांवरून. या गदारोळात एका लहानशा गटाकडे कोणाचेच लक्ष जात नाही. झुआरीनगर, बायणा, मडगावचा मोती डोंगर, चिंबलचे इंदिरानगर यांसारख्या वस्त्यांत राहणारी, विजापूर, बागलकोट, कलबुर्गी किंवा त्याहून दूर ओडिशा, झारखंड, बिहारमधून पोटासाठी आलेली आणि घरात दिव्यांग मूल असलेली ही कुटुंबे. त्यांच्या अडचणी दारिद्र्यातून येतात हे खरे. पण बऱ्याचशा अडचणी शासकीय नियमांच्या रचनेतून उद्भवतात, आणि ती रचना बदलता येण्यासारखी आहे.

दिव्यांगांच्या प्रश्नावर गोव्याने अलीकडे मिळवलेले नाव पोकळ नाही. राज्याला स्वतंत्र दिव्यांगजन आयोग आहे. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत झालेल्या पहिल्या पर्पल फेस्टने देशाचे लक्ष वेधले. पर्वरीची संजय शाळा, फोंड्याचे लोकविश्वास प्रतिष्ठान अशा संस्थांनी कित्येक वर्षे निष्ठेने काम केले आहे. म्हणूनच प्रश्न अधिक टोचतो. इतके सारे असताना ज्या मुलाच्या वडिलांकडे गोव्याचा रहिवासी दाखला नाही, त्याच्यापर्यंत यातले किती पोहोचते?

दिव्यांगजन हक्क कायदा, २०१६ हा संसदेचा कायदा आहे. तो २१ प्रकारची दिव्यांगता मानतो. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगता असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क तो देतो. मूल कोणत्या राज्याचे, हे हा कायदा विचारत नाही. विचारतात त्या योजना. केंद्राची दिव्यांग पेन्शन अठरा वर्षांवरील, दारिद्र्यरेषेखालील आणि ८० टक्के दिव्यांगता असलेल्यांसाठी आहे. तीही महिना ३०० रुपये. मुलांसाठी जे काही आर्थिक साहाय्य आहे ते राज्याराज्यांचे, आणि प्रत्येक राज्याची पहिली अट वास्तव्याची. गोव्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेसाठी १५ वर्षांचे वास्तव्य लागते. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डासाठी ५ वर्षांचे. २०१८ च्या प्रारंभी गोमेकॉ आणि जिल्हा इस्पितळांत बिगरगोमंतकीय रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा दोडामार्गात झालेले आंदोलन वाचकांना आठवत असेल. सिंधुदुर्गातून, चंदगडहून, खानापूरहून गोव्यात कामाला येणाऱ्या मराठी भाषकांनाही हे नियम लागू आहेत. भाषा एक असली तरी दाखला वेगळा!

प्रौढ माणसासाठी पाच वर्षे म्हणजे प्रतीक्षा असते. दिव्यांग मुलासाठी तो काळ पुन्हा न येणारा असतो. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बालकाचे उदाहरण घ्यावे. केंद्राच्या साहाय्यक उपकरण योजनेत अशा बालकांना कॉक्लिअर इम्प्लांट मिळू शकते, पण ते एक ते पाच वर्षे या वयातच. कारण मेंदू भाषा आत्मसात करतो तो काळ तोच. योजना केंद्राची असल्याने वास्तव्याची अट तिला नाही. परंतु तेथवर पोहोचण्यासाठी मुलाला ऐकू येत नाही हे वेळेवर कळावे लागते, तपासण्या व्हाव्या लागतात, आणि शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ स्पीच थेरपी एकाच केंद्रात सलग घ्यावी लागते. यांपैकी एक पायरी निसटली तरी मूल पाच वर्षांचे होते आणि दार बंद होते. वडिलांना गोव्यात येऊन पाच वर्षे पूर्ण होतात तीही कदाचित त्याच सुमारास. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे स्नायू आखडत जातात, ते नियमित फिजिओथेरपीने लांबवता येते; दाखला मिळेपर्यंत ते थांबत नाहीत.

निदान उशिरा होण्याचे कारणही व्यवस्थेत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा मुलांची तपासणी करतात. जन्मजात दोष, वाढीतील विलंब टिपण्याचे हे उत्तम साधन आहे. मात्र बांधकामाच्या जागेवर पत्र्याच्या खोलीत राहणारे मूल अंगणवाडीच्या पटावर नसेल, तर पथकाची आणि त्याची गाठ पडणार कशी? एक इमारत पुरी झाली की ठेकेदार कुटुंबाला दुसऱ्या तालुक्यात हलवतो. पावसाळ्यात काम मंदावले की गावी जाणे होते. तपासणीच्या दिवशी मूल नेमके दोन्हीकडच्या पटावर नसते.

त्यानंतर येते प्रमाणपत्र. जून २०२१ पासून दिव्यांगत्वाची प्रमाणपत्रे केंद्राच्या ऑनलाइन प्रणालीतूनच देणे बंधनकारक आहे आणि सवलतींची किल्ली तेच आहे. बौद्धिक अक्षमतेसारख्या प्रकारांत लहान मुलाला मिळणारे प्रमाणपत्र तात्पुरते असते; वय वाढेल तशी फेरतपासणी करावी लागते. कुटुंबाचे आधार कार्ड गावच्या पत्त्याचे. गोव्यात भाडेकरार हाती नाही, कारण खोलीमालकच तो करायला तयार नसतो. करार केला तर भाडे कागदावर येते आणि भाडेकरू हक्क सांगेल ही धास्तीही असते. मग मजुरी बुडवून, मुलाला कडेवर घेऊन, गाडीभाडे खर्चून गावच्या जिल्हा रुग्णालयात जायचे. तिथे वैद्यकीय मंडळाची तारीख पुढची मिळाली, तर पुन्हा तोच फेरा.

वास्तविक हा फेरा टाळण्याची सोय नियमांतच करून ठेवलेली होती. कायद्याखालील २०१७ च्या नियमांनुसार अर्ज दोन ठिकाणी करता येत होता: पुराव्यातील पत्त्याच्या जिल्ह्यात, किंवा ज्या सरकारी रुग्णालयात त्या दिव्यांगत्वावर उपचार चालू आहेत वा झाले आहेत तिथे. ही दुसरी वाट जणू स्थलांतरितांसाठीच घातलेली. बांबोळीला मुलावर उपचार चालू असतील, तर पत्ता विजापूरचा असला तरी प्रमाणपत्राची प्रक्रिया बांबोळीतच व्हावी, हा तिचा सरळ अर्थ. पण काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला ती ठाऊक नसेल आणि पालकाला मागता येत नसेल, तर नियम असून नसल्यासारखाच.

कुटुंबाच्या आतले गणित याहून कठीण आहे. स्थलांतराचा अर्थच मुळी काम मिळेल तिकडे जाणे, आणि उपचारांची पहिली गरज एका जागी टिकून राहणे. दोन्ही एकदम साधत नाही. आठवड्यातून दोनदा थेरपी म्हणजे दोन दिवसांची मजुरी गेली, आणि ती बहुतेक वेळा आईची जाते. गावी आजी, काकू, शेजारीण असते. इथे पत्र्याच्या खोलीत कोणी नसते. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याने पाळणाघराची सोय पन्नासहून अधिक महिला कामगार असलेल्या जागीच बंधनकारक केली होती. नव्या श्रमसंहितेत ती अट पन्नासहून अधिक कामगारांवर आली, हे बरे झाले. मात्र मुकादमांच्या हाताखाली पाचदहा जणांच्या टोळ्यांत विभागलेले काम कागदावर त्या आकड्यापर्यंत पोहोचेल का, हा प्रश्न उरतो. शिवाय सर्वसाधारण पाळणाघर सेरेब्रल पाल्सीचे मूल सांभाळू शकेल, असेही नाही. स्पीच थेरपीत आणखी एक पेच आहे. घरात लमाणी किंवा कन्नड, वस्तीत हिंदी आणि केंद्रात कोकणी वा इंग्रजी. जे मूल मुळात एकच भाषा कष्टाने धरू पाहते आहे, त्याने कोणती धरावी?

शाळेचा विषय आपल्या वाचकांना जवळचा वाटावा. गोव्यातील अनेक सरकारी मराठी प्राथमिक शाळा आज स्थलांतरितांच्या मुलांमुळे तग धरून आहेत, हे उघड गुपित आहे. दिव्यांग मूल शाळेत आलेच तर ते बहुधा याच शाळेत येते. शिक्षण हक्क कायद्यानुसार जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. प्रवेश मिळतो, पुढे काय? सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर अशा दहा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितले. एक-दोन शिक्षकांवर चालणाऱ्या शाळेत फिरता विशेष शिक्षक किती वेळा येतो, यावर त्या मुलाचे शिक्षण अवलंबून आहे. आणि वडिलांची बदली म्हणजे कामाची जागा बदलली की नव्या शाळेत त्याची ओळख पुन्हा पहिल्यापासून.

गोवा लहान राज्य आहे, इस्पितळांवर शेजारच्या जिल्ह्यांचा भार आधीच आहे, गोमंतकीयांच्या करातून सर्वांचे कसे भागवायचे, हा आक्षेप ऐकू येतो. तो द्वेषातून येतो असे समजून झटकून टाकणे योग्य नाही. मात्र यात दोन गोष्टींची सरमिसळ होते. मासिक रोख साहाय्य ही राज्याने आपल्या जुन्या रहिवाशांना दिलेली हमी आहे. तिला वास्तव्याची अट असण्यात काही तर्क आहे, जरी मुलांसाठी पंधरा वर्षे हा आकडा कोणत्याही तर्कात बसत नाही. तपासणी, प्रमाणपत्र, थेरपी, शाळा या सेवांचे तसे नाही. त्या वेळेत न दिल्यास मूल आयुष्यभर अधिक परावलंबी होते, आणि ते वाढते इथेच. शिधापत्रिकेच्या बाबतीत हा विचार आपण स्वीकारला आहे. जानेवारी २०२० मध्ये एक देश, एक शिधापत्रिका योजनेत सामील झालेल्या बारा राज्यांत गोवा होता. तांदूळ राज्याची सीमा ओलांडू शकतो. आयुष्मान भारतचे कार्डही ओलांडते, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. आठवड्याची थेरपी त्यात बसत नाही. त्यासाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविध दिव्यांगता यांसाठी एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ती देते, थेरपीसह. तिलाही आधी प्रमाणपत्र हवेच.

पैशाचा प्रश्न निदान बांधकाम मजुरांपुरता तरी सुटण्यासारखा आहे. प्रत्येक मोठ्या बांधकामाच्या खर्चावर कामगार कल्याणासाठी उपकर घेतला जातो. देशभर त्या निधीतील कोट्यवधी रुपये विनावापर पडून असल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने राज्यांची कानउघाडणी केली आहे. नोंदणीकृत कामगाराच्या दिव्यांग मुलाची थेरपी आणि त्या दिवशीची आईची बुडालेली मजुरी या निधीतून देणे, हा कामगार मंडळाच्या एका निर्णयाचा विषय आहे. तो पैसा त्यांच्याच श्रमांवर जमलेला आहे.

पुराव्याचाही मार्ग आहे. गोव्यात भाडेकरूंची पोलीस पडताळणी सक्तीची आहे. म्हणजे कोणत्या खोलीत कोण राहतो, याची नोंद शासन स्वतःच करून घेते. सुरक्षिततेसाठी जो कागद ग्राह्य, तोच वास्तव्याचा पुरावा म्हणून आरोग्य आणि समाजकल्याण खात्याने का मानू नये? आरोग्य खात्याने एक परिपत्रक काढून चालू उपचारांच्या आधारे प्रमाणपत्रे देण्यास सुरुवात केली, तरी कित्येक कुटुंबांचा गावचा फेरा वाचेल.

२०११ च्या जनगणनेत गोव्यात ३३,०१२ दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या होत्या. पुढील जनगणनेची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. तो बांधकामांच्या भराचा महिना. मजूर कुटुंबे तेव्हा गावी नसतील. प्रगणक पत्र्याच्या खोल्यांपर्यंत गेले आणि त्यांना नेमका प्रश्न विचारण्याचे प्रशिक्षण मिळाले, तर या मुलांची संख्या प्रथमच गोव्याच्या आकड्यांत दिसेल. त्यासाठी समाजकल्याण खाते आणि दिव्यांगजन आयोगाने तयारी आताच सुरू करायला हवी.