संयुक्त खाते

बँकेत संयुक्त खाती खूप पाहिली. नावे दोघांची, पैसे काढणारा बहुधा एकच. असे खाते आईच्या पोटातही उघडते, हे जुळ्या नाती झाल्या तेव्हा कळले.

दोघी एकाच वारेवर वाढलेल्या. थोरली सव्वादोन किलोची, धाकटी पावणेदोन. घरात लगेच कुजबुज सुरू झाली : सुनेने नीट खाल्ले नसेल. मी गप्प बसलो, म्हणजे सामीलच झालो.

एकसारख्या जुळ्यांच्या सुमारे ७० टक्के जोड्यांची वार एकच असते. तिचे वाटे समसमान पडतीलच असे नाही. शिवाय आतल्या रक्तवाहिन्याही जोडलेल्या. आई तीच, जेवण तेच, तरी एकीच्या वाट्याला कमी. यात आईचा दोष कुठला? वार एक की दोन, हे ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत कळते. एक असल्यास पुढे दर पंधरवड्याला तपासणी हवी. घरच्यांनी तिकडे लक्ष द्यावे.

पोटात ओढग्रस्त वाढलेले शरीर काटकसर शिकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. याज्ञिक यांच्या १९९३ पासूनच्या अभ्यासाने दाखवले, की आपली नवजात बाळे हडकुळी दिसली तरी त्यांच्या अंगात चरबी तुलनेने जास्त असते. पुढे वजन झपाट्याने वाढले, तर मधुमेहाचा धोका. म्हणून धाकटीला थोरलीच्या बरोबरीला आणायला तूपसाखर कोंबू नये. तिची तुलना बहिणीशी नको, तिच्याच मागच्या नोंदीशी करावी. पासबुक ज्याचे त्याचे असते.

सुनेची माफी मी मागितली. उशिरा, पण सगळ्यांसमोर.